सॉल्टर ट्राउट: क्वॉशनेटवर तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या, माझं काय चुकतंय?

वाशिष्ठीकाठचा
१४ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी.

मी मूळचा दाभोळचा. घर खाडीच्या मुखाशी, त्यामुळे चालायला लागलो तेव्हापासून हातात तंगूस आणि गरी. आजोबांबरोबर धक्क्यावर बसायचं, शेंगटी मिळायची, तांबोशी मिळायची, आणि एखाद्या दिवशी चोणक लागला तर शेजारच्या चार घरांत वाटे जायचे.

गेली दोन वर्षं कामानिमित्त बॉस्टनच्या दक्षिणेला राहतोय. इथल्या एका सहकाऱ्याने फ्लाय फिशिंगची काठी हातात दिली आणि केप कॉडच्या ओढ्यांतल्या ब्रूक ट्राउटबद्दल सांगितलं. ओढ्यात जन्मणारा, खाडीत उतरून खाऊन-पिऊन मोठा होणारा आणि पुन्हा ओढ्यात चढणारा हा मासा. इथले लोक त्याला 'सॉल्टर' म्हणतात. ते ऐकलं आणि मला एकदम वळगण आठवली. मृगाचा पहिला मोठा पाऊस, शेतांत शिरलेलं लाल पाणी आणि त्यातून उलटे चढणारे मासे. त्या दिवसापासून हा मासा डोक्यातून जात नाही.

आतापर्यंत तिथल्या क्वॉशनेट नदीवर तीनदा गेलो. पहिली फेरी ऑगस्टमध्ये, भर दुपारी. काहीच दिसलं नाही. दुसरी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. तेव्हा मासे दिसले! गुडघ्याएवढ्या स्वच्छ पाण्यात, खडीवर, दोन मासे शेजारी शेजारी उभे. एकाचं पोट लालभडक. तासभर त्यांच्यासमोरून माशी (गळावर पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष) फिरवली, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. तिसरी फेरी या महिन्यात, खाली खाडीच्या तोंडाशी. भरती पूर्ण भरलेली, ऊन छान, दोन तास उभा राहिलो. शून्य.

माझे प्रश्न: भरती-सुकतीचा हिशेब इथे कसा लावायचा? माशी कोणती? आणि काठावर इतकी झुडपं आहेत की दोरी मागे फेकायला जागाच नसते, त्याचं काय करता?

शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे. इथे हा मासा पकडला तरी सोडावा लागतो. आजोबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग गेलास कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही स्वतःला काय सांगता?

---

हॅलिफॅक्सकर
१५ एप्रिल, सकाळी ७:०५

आमच्या नोव्हा स्कोशियात याच माशाला सरळ 'सी ट्राउट' म्हणतात. मे-जूनमध्ये नद्यांच्या मुखांशी लोक पहाटेपासून उभे असतात. मार्गारी नदीवर मी दरवर्षी जातो. प्रिन्स एडवर्ड आयलंडवरची मोरेलही फार छान आहे. आमच्याकडे ठराविक संख्येत मासे घरी नेता येतात, त्यामुळे तुमच्या आजोबांचा प्रश्न मला पडत नाही. लोण्यात परतलेला ताजा सी ट्राउट खाल्ला आहे आणि त्याची चव विसरलेलो नाही, हे खरं ते सांगतो.

पण केप कॉडचे ओढे फार लहान. आमच्या नद्यांचे नियम तिथे लावू नका. तिकडचं 'पाणकणीस' ताईंना विचारा, त्या तिथेच राहतात.

---

पाणकणीस
१५ एप्रिल, रात्री ११:४८

वाशिष्ठीकाठचा, तुमचा प्रश्न दुपारी वाचला आणि कामावरून येईपर्यंत मनात उत्तरच लिहीत होते. मी आचऱ्याची. बाबा पागायला जायचे, मी खांद्यावर टोपली घेऊन मागे. फाल्मथजवळ राहून आता एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली पंधरा मी या ओढ्यांत पाय घालते आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या ऑक्टोबरच्या माशांबद्दल, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. ते दोघं अंडी घालायला आले होते. लाल पोटाचा तो नर. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडीने झाकते. अशा वेळी ते काही खायला उभे नसतात. त्यांच्यासमोर माशी फिरवली की त्यांची ताकद तुम्हाला हुसकावण्यात जाते. तुम्हाला ठाऊक नव्हतं, यात तुमचा दोष नाही. पण पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काठी घरी ठेवा, दुर्बीण आणा. आणि तिथून पुढे मार्चपर्यंत स्वच्छ, उजळ दिसणाऱ्या खडीवर पाय ठेवू नका. खाली अंडी असतात, नंतर पिल्लं असतात.

ती खडी त्यांनी का निवडली माहीत आहे? खालून झरा येतो म्हणून. हा सगळा प्रदेश हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. पाऊस पडला की वाळूत मुरतो आणि जमिनीखालून चालत चालत ओढ्याच्या तळाशी वर येतो. ते पाणी बारा महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास असतं. आपल्या आडाच्या पाण्यासारखं: थंडीत हाताला कोमट, उन्हाळ्यात गार. जानेवारीत काठावर बर्फ असतो तेव्हा अंडी त्या झऱ्यात सुरक्षित असतात आणि ऑगस्टमध्ये मोठे मासे त्याच झऱ्यांच्या आसऱ्याला जातात. ब्रूक ट्राउट नावाला ट्राउट, पण कुळाने 'चार' (char) नावाच्या माशांपैकी. थंड पाण्याचा जीव. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो हैराण होतो. ऑगस्टच्या दुपारी तुम्हाला तो दिसला नाही, कारण तो कुठल्या तरी काठाच्या पोकळीत, झऱ्याच्या तोंडाशी, ओंडक्याच्या सावलीत पोट टेकून होता. त्याला तिथून उठवायचंही नाही. मी खिशात थर्मामीटर ठेवते. पाणी अठरा अंश दिसलं की काठी पिशवीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं: दोन शनिवार काठी न घेता जा. हात पाण्यात घाला. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून काठाने चाला आणि पाणी अचानक गार कुठे लागतं ते पाहा. एकदा झरे कळले की मासे कुठे असतील हे विचारावं लागत नाही. बाबा खाडीत पाग टाकायच्या आधी पाण्याकडे बघत उभे राहायचे. मला कंटाळा यायचा. आता मी तशीच उभी राहते.

आता भरती. तुम्ही भरल्या भरतीला, चढत्या उन्हात गेलात. त्या वेळी पाणी गवताळ दलदलीत सगळीकडे पसरलेलं असतं आणि मासेही त्याच्याबरोबर पसरतात. सुकती लागली, पाणी नाळीत यायला लागलं की कोळंबीची पिल्लं, मम्मीचॉग नावाचे छोटे खाडीतले मासे, इतर बारीक मासे सगळे त्या नाळीतून खाली ओढले जातात, आणि सॉल्टर नाळीच्या वळणावर तोंड वर करून उभा राहतो. सुकतीचे शेवटचे दोन तास आणि भरती लागल्यानंतरचा पहिला तास, हा माझा वेळ. तोही पहाटेचा किंवा सूर्य कललेला असेल तर. ढगाळ दिवस मिळाला तर रजा टाका.

तुमच्या आजोबांना पाऊणपटीचा हिशेब माहीत असणारच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, ते इथेही तितकंच खरं आहे. मात्र अमावस्येला भरती किती वाजता, हे प्रत्येक मुखाचं वेगळं. आणि केप कॉडच्या दोन बाजूंना तर पाण्याचा स्वभावच वेगळा. वाक्वॉइटच्या बाजूला, म्हणजे जिथे क्वॉशनेट मिळते, चढउतार जेमतेम दीड-दोन फूट. तिकडे रेड ब्रुक ज्या बटरमिल्क खाडीत जातो तिथे साधारण चार फूट. उत्तरेला केप कॉडच्या उपसागरात नऊ-दहा फूट. तुम्ही दाभोळची उधाणं पाहिलेली, त्यामुळे वाक्वॉइटला पाणी हललं हेच तुम्हाला कळणार नाही. काठाला काडी रोवा आणि पाहा. शिवाय मुखाशी गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खालून शिरतं, हे तुम्हाला सांगायला नको. माशी कधी वरच्या थरात, कधी खालच्या थरात फिरवून बघा.

सगळेच मासे समुद्रात जातात असं मात्र नाही. एकाच ओढ्यातले, एकाच जातीचे. काही खाली उतरतात, काही जन्मभर वरच राहतात. जे जातात ते बहुतेक अंडी घालून झाल्यावर, हिवाळ्यात आणि वसंतात खाडीत असतात आणि खाडी तापायला लागली की गार ओढ्यात परततात. खाडीतून आलेला मासा चांदीसारखा झालेला असतो. लाल ठिपके, त्यांच्याभोवतीची निळी कडी, पाठीवरची किड्यांनी कोरल्यासारखी नक्षी, सगळं त्या चांदीखाली झाकलं जातं. ओढ्यात काही दिवस राहिला की रंग परत वर येतात. पोटाकडच्या परांची कड मात्र कायम पांढरी असते, ती ओळखीची खूण. मी पहिल्यांदा असा मासा हातात धरला तेव्हा नऊ इंचांचा होता. मोठा मासा म्हणजे इथे तेवढाच. फूटभराचा मिळाला तर लोक वर्षभर सांगतात.

रेड ब्रुकला आणि क्वॉशनेटलाही राज्याच्या मत्स्यखात्याचे लोक माशांच्या पोटात काचेची बारीक कुपी बसवतात. तिला बॅटरी लागत नाही. ओढ्यात आडवी तार लावलेली असते, तिच्यावरून मासा गेला की नंबर नोंदला जातो. कोण कधी खाली गेला, कधी परत आला, कोण गेलाच नाही, हे तिथूनच कळायला लागलं. तुम्हाला लागलेल्या माशाचा एखादा लहान पर छाटलेला दिसला तर त्याच्या आत कुपी असू शकते. त्याला जास्तच जपून सोडा.

माशी. दुकानात जी तपकिरी दिली ती बाजूला ठेवा. मी आठ नंबरच्या गळावर मिकी फिन बांधते. पिवळे केस, मध्ये लाल, पुन्हा पिवळे आणि अंगाला रुपेरी तार. माझ्या मुलीने लहानपणी तिला 'हळदीकुंकू' नाव दिलं, घरात तेच चालतं. खाडीच्या तोंडाशी करंदीसारखी दिसणारी फिकट, पारदर्शक माशी चांगली चालते. वर ओढ्यात काळा वूली बगर, लहानातला. गळाचा काटा पकडीने दाबून टाकायचा, म्हणजे सोडताना हात लावावाच लागत नाही. चार नंबरची साडेसात फुटी काठी पुरते. यापेक्षा लांब काठी झुडपांत अडकते.

झुडपांचं असं आहे. आपल्या गरीत पुढे शिसं जातं आणि तंगूस त्याच्या मागून ओढला जातो. इथे वजन दोरीलाच असतं, माशी पिसासारखी. म्हणून मागे फेकायला जागा लागते असं वाटतं. पण 'रोल कास्ट' शिका. दोरी पाण्यावरच राहू द्या, काठी हळूच कानापर्यंत उभी करा, दोरीचा झोळ तुमच्या मागे लोंबू द्या आणि मग पुढे झटका द्या. दोरी पाण्यावरून वेटोळं उलगडत जाते. घरामागच्या गवतावर जमत नाही, पाणीच लागतं. आणि खरं सांगू? वरच्या अंगाला मी अर्धा वेळ फेकतच नाही. गुडघ्यावर बसते, काठी झुडपाच्या फटीतून पुढे करते आणि माशी प्रवाहाबरोबर काठाच्या पोकळीखाली जाऊ देते. मासा तिथेच असतो. पायांचा धबधब आवाज मात्र करायचा नाही. पोकळ काठावर पाऊल आपटलं की वीस फुटांपर्यंतचे सगळे मासे पळतात.

गोचीड फार आहेत. हरणांवरची बारीक, तिळाएवढी. लाइम नावाचा आजार देते. पँट मोज्यांत खोचा आणि घरी गेल्यावर अंग नीट तपासा. माझ्या नवऱ्याला झाला होता, तीन आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या.

परवाना ऑनलाइन मिळतो. त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडून वाचा. या ओढ्यांवर फक्त कृत्रिम आमिष चालतं आणि मासा सोडावाच लागतो.

आता आजोबांचा प्रश्न.

क्वॉशनेट तुम्ही आज पाहता तशी नव्हती. या काठांवर क्रॅनबेरीचे मळे होते. करवंदाएवढं लाल फळ, दलदलीत होतं, त्याला वाळू लागते आणि ठराविक वेळी पाणी भरून मळा बुडवावा लागतो. त्यासाठी बांध घातले, पात्र रुंद केलं, झाडं तोडली. १९५० च्या दशकात मळे सुटले आणि उरला एक उथळ, उघडा, वाळूने भरलेला चर. त्याच्याही आधी गिरण्यांचे बांध होते. डॅनियल वेबस्टरसारखा मोठा सिनेटर ज्या मॅशपीच्या पाण्यावर गळ टाकायला यायचा, त्या भागातले मासे असे हळूहळू संपत आले. आणि मॅशपी म्हणजे इथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांची जमीन, हे विसरू नका. १८३३ मध्ये त्यांनी बाहेरच्यांना आपल्या रानातलं लाकूड नेऊ द्यायचं नाही म्हणून उठाव केला होता. पाणी, मासे, लाकूड कुणाचं, हा वाद इथे जुना आहे.

१९७६ मध्ये काही गळवाले, ट्राउट अनलिमिटेडचे स्वयंसेवक, करवती आणि फावडी घेऊन क्वॉशनेटवर उतरले. पात्र अरुंद केलं, ओंडके रोवून काठांना आडोसा दिला, सावलीला झाडं लावली. तेव्हापासून ते काम थांबलेलं नाही. मी त्यात फार उशिरा आले. पहिल्या दिवशी मला एका ओंडक्याचं एक टोक दिलं, दुसऱ्या टोकाला सत्तरीचे एक आजोबा. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी शिरलं, दुपारपर्यंत बोटं सुन्न झाली. पुढच्या वर्षी जुलैत मी त्या ओंडक्याशी गेले आणि त्याच्या सावलीत तीन मासे होते. मी काठी बाहेर काढलीच नाही. बसून राहिले.

म्हणजे मी वर्षाला चार-पाच दिवस गरवते आणि आठ-दहा दिवस या ओढ्यात खपते. तुम्ही विचारलंत मी स्वतःला काय सांगते. मी असं सांगते की इथे एका ओढ्यातले मासे मोजता येतील इतके आहेत, आणि प्रत्येक मादी पुढच्या ऑक्टोबरला खडीवर पोचायला हवी. आचऱ्याला बाबा खायला मासे आणायचे, ते बरोबरच होतं. इथे मी खायला मासे बाजारातून आणते.

---

काळकाठ
१६ एप्रिल, सकाळी ९:३०

ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पण एक शंका मनात राहिली, ती विचारतो.

मी महाडकडचा. आमच्या काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात हातभर लांबीचे महसीर आहेत, लोक कुरमुरे टाकतात आणि मासे काठापर्यंत येतात. तिथे कुणी गळ टाकत नाही. शेकडो माणसं येतात, वर्षानुवर्षं, आणि मासे आहेत. ना परवाना, ना काचेची कुपी.

मग ज्या माशाची तुम्हाला इतकी काळजी आहे त्याच्या तोंडात गळ घालायचाच कशाला? खायला पकडणं मला समजतं. खेळायला पकडून सोडणं नाही समजत. रागावू नका, मनापासून विचारतोय.

---

पाणकणीस
१६ एप्रिल, रात्री १०:१५

रागावण्याचं काही कारणच नाही. हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

सोडलेले सगळे मासे जगतात असं मी म्हणणार नाही. काही मरतात. खोल गिळलेला गळ, गरम पाणी, फोटोसाठी कोरड्या हातात धरलेला मासा, यांनी मरतात. म्हणून मी काटा दाबते, हात ओला करते, मासा पाण्याबाहेर काढत नाही आणि गरम दिवशी जातच नाही. तरीही त्याला त्रास होतो. तो मी देते, हे मला मान्य आहे.

वाळणकोंड मी पाहिलेली नाही, पण तुमचं वर्णन वाचून जावंसं वाटलं. तिथे देवीचा धाक आहे, आणि त्या धाकामुळे डोह राहिला. इथे तसं काही नव्हतं. इथे क्रॅनबेरीवाला होता, गिरणीवाला होता, आणि ज्यांना हा मासा हवा होता असे फक्त गळवाले होते. रेड ब्रुकचं उदाहरण घ्या. थिओडोर लायमन म्हणून एक निसर्गअभ्यासक होते, राज्याचे मत्स्य आयुक्तही होते आणि त्यांना गरवण्याचा नाद होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी त्या ओढ्याकाठची जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेतली. त्यांच्या घराण्याने ती शंभराहून अधिक वर्षं सांभाळली. २००१ मध्ये ती कायमची राखीव झाली. त्यानंतर ओढ्यावरचे जुने बांध एकेक करून काढले, शेवटचा २००९ मध्ये. लायमनना मासे गळाला लावायला आवडायचे नाहीत असं असतं, तर तिथे आज ओढा राहिला असता असं मला वाटत नाही.

यावरून गळ टाकणं पवित्र होतं असं मी म्हणत नाही. माझं एवढंच की मला हा मासा गळामुळे कळला. काठावरून नुसतं बघितलं असतं तर मला झरे कळले नसते, सुकतीचा शेवटचा तास कळला नसता आणि ओंडक्याचं टोक धरायला मी गेले नसते. कदाचित तुम्हाला त्याशिवायही कळेल. तसं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले.

आणि एक. गळाने मारल्या जाणाऱ्या माशांपेक्षा मला जास्त भीती आहे ती घरांच्या सांडपाण्याच्या टाक्यांची. इथली बरीच घरं अजून स्वतःच्या शोषटाकीवर आहेत. त्यातला नायट्रोजन त्याच वाळूतून, त्याच झऱ्यांतून खाडीत उतरतो. शेवाळ माजतं, तळाचं समुद्री गवत मरतं आणि त्या गवतात वाढणारे बारीक जीवही जातात. म्हणजे सॉल्टर ज्यासाठी खाडीत उतरतो तेच संपतं. गावसभेत मलवाहिन्यांचा प्रश्न निघाला की मी हात वर करून बोलते. खर्चामुळे शेजारी नाराज होतात, होऊ देत.

---

वाशिष्ठीकाठचा
१९ मे, रात्री ९:४०

ताई, उशिरा लिहितोय, पण सांगितलंत तसं केलं.

दोन शनिवार काठीशिवाय गेलो. पहिल्या शनिवारी मला काहीच कळलं नाही, हात गार पडले एवढंच. दुसऱ्या शनिवारी एका वळणावर उजवा हात घातला आणि पाणी एकदम बदललं. दोन पावलं मागे आलो तर पुन्हा नेहमीचं. खाली बघितलं तर वाळू हलत होती, भात उकळायला लागल्यावर तांदूळ हलतात तशी. तिथे पंधरा मिनिटं बसून होतो. हेरिंगचा एक थवा वर चढून गेला. आमच्याकडे पाला असाच समुद्रातून नदीत चढतो, आजोबा सांगायचे.

काल गेलो ते काठी घेऊन. सुकती पहाटे साडेतीनला लागलेली, मी सातला पोचलो. आभाळ भरलेलं. काडी रोवली, आणि खरंच, पाणी चार बोटं उतरलं तरच कळत होतं. हळदीकुंकू बांधलं. आधी वर रोल कास्ट केला, तीन वेळा माझ्याच टोपीत अडकला, चौथ्यांदा नीट उलगडला. मग तुम्ही म्हणालात तसा गुडघ्यावर बसलो आणि माशी काठाखाली सोडली. दुसऱ्या वेळी दोरी थांबली. मला वाटलं ओंडका. मग ओंडका हलला.

चोणक ओढतो तशी ओढ नव्हती. चोणक उडी मारतो, हाताला हिसका देतो. हा तळाशी गेला आणि डोकं हलवत राहिला, सगळा हात त्याच्याबरोबर थरथरत होता. जवळ आणला तर चांदीचा. अगदी तुम्ही लिहिलंत तसा, लाल ठिपके आत दबलेले, परांच्या पांढऱ्या कडा पाण्यात सगळ्यात आधी दिसल्या. काठीवर खूण करून मापला, साडेदहा इंच. परांवर कुठे छाटल्याची खूण नव्हती. हात ओला केला होता, पण लागलाच नाही. गळ स्वतःहून सुटला. तो गेला नाही लगेच. माझ्या बुटाच्या सावलीत थोडा वेळ उभा राहिला, मग गेला.

नंतर मी काठी आवरली. अजून तासभर सुकती होती, पण हात पुन्हा टाकायला उचलेना.

संध्याकाळी आजोबांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "केवढा?" सांगितलं. दुसरं विचारलं, "कुठल्या पाण्याला लागला?" म्हटलं, सुकतीच्या शेवटाला, झऱ्याच्या खालच्या अंगाला, काठाच्या पोकळीत. ते म्हणाले, "मग बरोबर जागी होतास." सोडल्याबद्दल त्यांनी या वेळी काही विचारलं नाही. पाऊणपटीचा हिशेब मात्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितला, मी वहीत लिहून घेतला.

ओढ्यातल्या कामाचा पुढचा दिवस कधी आहे? ओंडक्याचं एक टोक मी धरतो. आणि ज्या वळणावर झरा सापडला ते असं आहे: [मजकूर लेखकाने काढला आहे]

---

पाणकणीस
१९ मे, रात्री १०:०२

वाचताना अंगावर काटा आला. साडेदहा इंच म्हणजे खरोखर मोठा.

एक विनंती, लगेच करा. शेवटच्या ओळीत वळणाची जागा लिहिली आहे ती काढून टाका. वाचणारे चांगलेच आहेत, पण हे पान कोणीही उघडू शकतं आणि तो झरा दोन माणसं उभी राहतील एवढाच आहे. आजोबांना सांगा, मला व्यक्तिगत निरोपात सांगा, इथे नको.

कामाचा दिवस जूनच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी आठला. छातीपर्यंतची विजार मी आणते, जादाची आहे. डबा तुमचा तुम्ही आणा. आणि जाड हातमोजे.

---

वाशिष्ठीकाठचा
१९ मे, रात्री १०:०९

काढलं, ताई. आठला येतो. तुमच्याही वाटणीची सोलकढी आणतो.